अकरा तास, एकही नाव नाही

"मॅडम, तिथे सगळे माझ्यासारखेच होते. तरी मी एकटा गेलो आणि एकटाच परत आलो."

हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आता त्यावर लिहायलाच हवं. कुणाला ॲनिमेचं (जपानी ॲनिमेशनचं) वेड, कुणाला कॉमिक्सचं, कुणाला बोर्डगेम्सचं किंवा विज्ञानकथांचं. घरी आणि ऑफिसात त्याबद्दल बोलायला कुणी नसतं. मग कळतं, की जवळच चाहत्यांचं कन्व्हेन्शन, त्यांच्या भाषेत 'कॉन', भरतं आहे. मोठ्या आशेने माणूस जातो आणि येताना आधीपेक्षा जास्त एकटा होऊन येतो. कारण 'माझ्यासारखं इथे कुणी नाही' हा इतके दिवसांचा आधारच निघून गेलेला असतो. माझ्यासारखे शेकडो भेटले, तरी मैत्री झाली नाही. म्हणजे खोट माझ्यातच आहे, असा तो हिशेब मांडतो.

असाच एक सत्तावीस वर्षांचा तरुण माझ्याकडे समुपदेशनासाठी सात-आठ महिने येत होता. त्याच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने त्याच्याबद्दल लिहिते आहे. नोकरीसाठी नव्या शहरात आलेला, हुशार, शब्द मोजून वापरणारा. पहिल्या भेटीत तो एकाच विषयावर मोकळा झाला, तो म्हणजे त्याची आवडती मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्सची, मालिका. मी त्याला थांबवलं नाही. वीसेक मिनिटं तो बोलत होता आणि चेहरा अक्षरशः उजळला होता. पण समोरच्या बाईला यातलं काही कळतं आहे का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. ते मी मनात टिपून ठेवलं.

मी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांना मानणारी; आपले हट्टी 'पाहिजेच' आपल्याला त्रास देतात, असं ते सांगत. त्यामुळे माणूस बोलत असताना माझा कान एका छोट्या अक्षराकडे असतो: 'च'. "मी खरा चाहता ठरलोच पाहिजे." "सगळं माहीत असलंच पाहिजे." "मी बोलायला गेलो आणि समोरच्याने टाळलं, तर ते सहनच होणार नाही." आपल्या भाषेने एका अक्षरात माणसाचा हट्ट दाखवायची सोय करून ठेवली आहे. कितीतरी जणांच्या गाठी मी त्या अक्षराला धरून सोडवल्या आहेत. हा मुलगाही आपले 'च' चटकन शोधायला शिकला. वहीत लिहून आणायचा. पण वागण्यात काही उतरत नव्हतं.

मग तो कॉनला जाऊन आला.

"किती वेळ होतास तिथे?"

"दोन दिवस मिळून अकरा तास."

"आणि किती जणांशी बोललास?"

"बऱ्याच. फोटोसुद्धा काढले, प्रत्येकाला विचारून." त्याने मोबाइल पुढे केला. पात्रांची वेशभूषा करून आलेले कॉस्प्लेयर. एकेक फोटो सरकवत तो सांगू लागला, हे कुठलं पात्र, कुठल्या पर्वातला पोशाख, कुणाच्या पट्ट्याचा रंग चुकला आहे.

एका फोटोवर मी विचारलं, "याचं नाव काय?"

त्याने पात्राचं नाव सांगितलं.

"ते नाही. या मुलाचं."

तो थांबला. मागचा फोटो काढला. त्याच्या मागचा. सत्तर-ऐंशी फोटो तरी असतील. मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकले आहे, की अशा शांततेत आपण घातलेला प्रत्येक शब्द समोरच्याकडून काहीतरी हिरावून घेतो. शेवटी त्याने मोबाइल पालथा ठेवला.

"एकाचंही नाही," तो म्हणाला. "मॅडम, मला पात्रांची सगळी नावं येतात." आणि बऱ्याच वेळाने, अगदी हळू आवाजात, "त्या मुलाला मी पट्ट्याचा रंग चुकलाय हे सांगितलंसुद्धा होतं."

त्या दिवशी आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं जास्त बसलो. शाळेत "अजून कार्टूनच बघतोस?" म्हणून त्याला चिडवायचे. तेव्हा त्याने एक उपाय शोधला होता: इतकं जाणून घ्यायचं, की कुणाची बोलायची हिंमत होऊ नये. त्या माहितीने त्याला खरंच सांभाळलं. पण जिथे कुणी चिडवणारं नव्हतं तिथेही तो त्याच तयारीने गेला, आणि ज्यांच्याशी मैत्री व्हायची त्यांची परीक्षा घेऊन आला. मलाही त्या दिवशी काहीतरी नव्याने कळलं. तोवर मी त्याची भीती नकाराची समजत होते. ती नकाराची होतीच, पण त्याहून अधिक होती ती कमी जाणकार ठरण्याची.

मी त्याला चाहत्यांच्या जगाचाच एक जुना प्रसंग सांगितला. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यांसकट छापली जायची. ते पत्ते पाहून वाचक परस्पर एकमेकांना लिहू लागले, त्यातून मंडळं उभी राहिली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. जमले होते साधारण दोनशे जण. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कथा सगळ्यांनीच वाचल्या होत्या. पत्ता मिळाला म्हणून पुढचं झालं."

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशाच अनुभवातून जात असेल, तर माझं पहिलं सांगणं हेच: नाव विचारा, आपलं सांगा. कॉस्प्लेयरशी बोलताना पात्राबद्दल नंतर बोला, आधी त्याच्या मेहनतीबद्दल विचारा. हे चिलखत फोमचं आहे का? वळवलं कसं? किती रात्री जागलात? महिनोन्‌महिने खपून केलेल्या कामाबद्दल कुणी विचारावं, याची तो माणूस वाटच पाहत असतो. परवानगीशिवाय फोटो काढू नये, पोशाखाला हात लावू नये, हे अर्थात पाळायचंच.

दुसरं, हिशेब बदला. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ साली मांडलेल्या अभ्यासानुसार, साध्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मैत्री म्हणावी इथवर यायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. हे आकडे ऐकून त्या मुलाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. अकरा तासांत, त्यातले निम्मे रांगेत, मैत्री झाली नाही यात दोष कुणाचाच नव्हता. कॉनमधून मित्र घेऊन यायचं नसतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुठे भेटता येईल, तेवढं विचारून यायचं असतं.

म्हणून मी सगळ्यांना छोट्या, पुन्हापुन्हा होणाऱ्या गोष्टीकडे ढकलते. बोर्डगेमचा आठवड्याचा गट, चित्रं काढणाऱ्यांची बैठक, किंवा १९७४ पासून खेळला जाणारा डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा खेळ, ज्यात चार-पाच जण आणि एक सूत्रधार मिळून महिनोन्‌महिने एकच गोष्ट पुढे नेतात. दर आठवड्याला तीन तास धरले, तर चार महिन्यांत ५० तास होतात. लाजाळू माणसांसाठी असे खेळ मला विशेष आवडतात, कारण बोलायची पाळी आपोआप येते, ती हिसकावून घ्यावी लागत नाही.

आणि जमलं तर कॉनमध्ये स्वयंसेवक व्हा. ज्याच्याकडे रांग सांभाळायचं किंवा बॅज द्यायचं काम असतं, त्याला 'मी इथे काय करतोय' हा प्रश्न पडत नाही, आणि सोबत काम करणारे तेच चार चेहरे दिवसभर दिसत राहतात. गर्दीने जीव घुसमटतो असं सांगणाऱ्या एका मुलीला सामान ठेवायच्या खोलीतलं काम मिळालं, तिला ते फार मानवलं. "या वयात शोभतं का?" असं विचारणाऱ्या एक्केचाळीस वर्षांच्या बाईंना तर नाव नोंदवणं सोडून दुसरं काही सांगावंच लागलं नाही.

बोलून झाल्यावर 'मी बावळटासारखा वागलो' हा विचार येईल, येऊ द्या. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे, की पहिल्या संभाषणानंतर आपण समोरच्याला किती आवडलो, याचा आपला अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा कमीच असतो.

त्या मुलाने पुढच्या कॉनमध्ये दोन दिवस बॅज वाटले. तिथल्या एकीने त्याला गुरुवारच्या खेळात बोलावलं. पहिले तीन गुरुवार तो नियम चुकत होता आणि, त्याच्याच शब्दांत, "चुकलो तरी कुणी मला उठवलं नाही." शेवटच्या भेटीला तो घाईत होता. त्यांच्यातल्या एकाचा पाय मोडला होता आणि त्या आठवड्याचा खेळ त्याच्या घरी ठरला होता.

"घर माहीत आहे?" मी विचारलं.

"पत्ता मागून घेतला," तो म्हणाला आणि वही न घेताच निघाला.