कोट्यधीश खेळाडूंना युनियन कशाला?

प्रश्न : अमेरिकेतल्या बेसबॉलपटूंना कोट्यवधी डॉलर मिळतात. तरी त्यांची युनियन आहे आणि ती संपही करते, असं मुलाकडून ऐकलं. इतक्या श्रीमंतांना युनियन कशाला हवी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, आधी युनियन आली, कोटी नंतर आले. १९६६ साली पोलाद कामगारांच्या संघटनेतला अर्थतज्ज्ञ मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेत आला, तेव्हा किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता. १९६८च्या पहिल्या सामूहिक कराराने तो १०,००० झाला.

पगारापेक्षा जाचक होतं ते ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम. करार संपला तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. क्लबने त्याला हवं तिथे विकावं. त्याने मात्र आपणहून कुठे जायचं नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, काम निघालं तर आत, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. पण दुसऱ्या गिरणीच्या गेटवर जायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणाऱ्या कर्ट फ्लडला तेवढीही मोकळीक नव्हती, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते.

फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. एकाच क्लबकडे बारा वर्षं खेळला. ऑक्टोबर १९६९मध्ये त्याला फोनवर कळलं, तुला फिलाडेल्फियाला दिलंय. तो कोर्टात जायला निघाला. मिलरने बजावलं, बहुधा हरशील, आणि जिंकलास तरी तुझ्या पदरात काही पडणार नाही. पुढच्या खेळाडूंचं भलं होईल का, एवढंच फ्लडने विचारलं. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, बोवी क्यून यांना पत्र लिहिलं : माझ्या इच्छेला न जुमानता खरेदी-विक्री करावी अशी मालमत्ता मी नाही.

खटल्याचा खर्च युनियनने उचलला. निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला, पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात फिरकला नाही. मला ते आजही लागतं. १९७२मध्ये सुप्रीम कोर्टात तो ५-३ असा हरला. खेळ तर आधीच सुटला होता.

दरम्यान १९७०च्या करारात युनियनने तक्रारींसाठी तटस्थ लवाद मिळवला होता. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंनी १९७५च्या हंगामात करारावर सही केलीच नाही. २३ डिसेंबरला लवाद पीटर साइट्झने निकाल दिला : दोघेही हव्या त्या क्लबकडे जायला मोकळे. मालकांनी साइट्झला लगेच काढून टाकलं, पण दार उघडलं ते उघडलंच. तुम्ही म्हणता ते कोटी त्या दारातून आले.

आणि सगळे श्रीमंत नाहीत, हेही मुलाला सांगा. खालच्या ‘मायनर लीग’मधले खेळाडू २०२२मध्ये याच युनियनमध्ये आले. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या पहिल्या करारात अगदी तळच्या पोरांचा किमान पगार वर्षाला ४,८०० डॉलरवरून १९,८०० झाला.