गणवेश घातला की सगळे सारखे होतात का?

शाळेत, नोकरीत, खेळात गणवेशामुळे माणसं सारखी होतात का, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करतो. लांबून पाहिलं तर होतात. माझ्या मशीनवरून पाहिलं तर नाही.

आमच्याकडे पोराची पँट शिवायला टाकताना आई पहिले हेच सांगते, "भाऊ, दोन वर्षं पुरली पाह्यजे." मग मी खाली दोन-अडीच इंच दाब, म्हणजे आत दुमडलेलं कापड, ठेवतो, कमरेत मागे जास्तीचं कापड सोडतो. पुढच्या वर्षी दाब उसवला की आतलं कोरं कापड बाहेर येतं आणि घोट्यापाशी गडद पट्टा दिसतो. कोणाच्या घरी दरवर्षी नवं कापड येतं, हे प्रार्थनेच्या रांगेत त्या पट्ट्यावरून कळतं. सरांच्या आधी पोट्ट्यांना कळतं. तरी मी गणवेशाच्याच बाजूचा आहे (माझं पोट त्यावर आहे, हेही धरा). रोज रंगीत कपडे घालायचे म्हटले तर त्या माउलीने काय करायचं?

जिल्हा परिषद शाळेच्या गणवेशाचे नगाला ३०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे, तेव्हा सर मला बोलवायचे आणि मी एकेकाचं माप घ्यायचो. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच रंग ठरला, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट. कपडे बाहेरून शिवून आले. रंग जुळला, मापं नाही. चौथीतला धिप्पाड पोरगा आणि चौथीतलाच काटकुळा, दोघांना एकच साइज. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी भरतात, म्हणजे इतरांपेक्षा उशिराच, तरी गणवेश त्याहून उशिरा हाती पडले. मग ते आवळायला, उसवायला माझ्याकडे. त्याच डिसेंबरमध्ये काम पुन्हा समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला.

कबड्डीच्या जर्सी मी शिवत नाही, त्या कृषी केंद्राचं नाव छापून शहरातून येतात. त्या घट्टच हव्यात, सैल जर्सी पहिले पकडणाऱ्याच्या मुठीत सापडते.

नोकरीचं म्हणाल तर एसटी कंडक्टरला खाकी आहे, पोलिसाला आहे. पण कपड्यावर जीव अवलंबून असतो ती फवारणी आमच्याकडे जुन्या शर्टावर चालते. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर मास्क, हातमोजे, कोट वाटले गेले. पावसाच्या उघडिपीतल्या दमट उन्हात, पाठीवर पंप घेऊन, तो प्लास्टिकसारखा कोट अर्धा तास घालून पाहा. घरी खुंटीला का लटकतो ते समजेल. कापड निवडणाऱ्याने एकदा कपाशीच्या ओळीत उभं राहायला हवं होतं.

आणि एक गणवेश कोणीच ठरवलेला नाही. कापूस वेचायला बाया साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना शर्ट चढवतात, पऱ्हाटीच्या काड्या बोचू नयेत म्हणून. डोक्याला दुपट्टा, कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी. दहा-बारा जणी ओळीने वेचत असतात, त्यातल्या तीन-चार जणींच्या अंगावर मीच शिवलेला दहावीचा शर्ट असतो. बाकी सगळा विटलेला, फक्त खिशावर शाळेचा बिल्ला होता तेवढा चौकोन अजून गडद.