ईआरपीमध्ये सगळे लो-कोडने करून घ्यावे की कस्टम कोड लिहून घ्यावा?

तुम्ही विचारले आहे की तुमच्या साठ माणसांच्या कारखान्यात ईआरपीनेक्स्ट (साठा, खरेदी, बिले असा कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी ईआरपी संगणकप्रणाली) बसवणारा सल्लागार ‘सगळे लो-कोडमध्ये बसते, कोडची गरजच नाही’ असे सांगतो, तर त्याचे ऐकावे की कस्टम कोडसाठी वेगळे पैसे मोजावेत. लो-कोड म्हणजे तयार सेटिंग आणि चौकटी भरून, जवळजवळ कोड न लिहिता काम भागवणे; कस्टम कोड म्हणजे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलेला प्रोग्रॅम. नेमके हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या प्रकल्पप्रमुखांच्या तोंडून ऐकले होते आणि त्याचा हिशेब ग्राहकासमोर बसून जुळवण्याची पाळी पुढे माझ्यावर आली, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

ग्राहक म्हणजे कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री. कास्टिंग ओतून झाले की ते मशिनिंगसाठी बाहेरच्या वर्कशॉपमध्ये जॉबवर्कला, म्हणजे माल आपलाच ठेवून फक्त काम करून घ्यायला, चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) जाई आणि तिथून हप्त्याहप्त्याने परत येई. परत येणाऱ्या मालातले काही नग चांगले असत, काही ब्लो होल (ओतीव धातूत वायूमुळे राहिलेली पोकळी) निघाल्यामुळे फाउंड्रीच्या खात्यावर नाकारले जात, काही मशिनिंगच्या चुकीमुळे वर्कशॉपच्या खात्यावर नाकारले जात, आणि बोरिंगचे, म्हणजे मशिनिंगमध्ये निघणाऱ्या धातूच्या चुऱ्याचे, वजन वेगळेच. या तिन्ही नगांची बेरीज त्या चलनावर पाठवलेल्या नगांपेक्षा जास्त होता कामा नये, एवढाच नियम हवा होता. हा नियम वरवर पाहता किरकोळ आहे, पण वर्कशॉपचे बिल याच आकड्यांवर निघते, आणि जीएसटी कायद्याच्या १४३ व्या कलमानुसार जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षभरात परत आला नाही तर तो पाठवल्याच्या दिवशीच पुरवला असे धरून कर लागतो. तेव्हा कोणत्या चलनावर किती नग बाकी आहेत, हे चुकून चालत नाही.

मी म्हणत होतो की ही तपासणी आपल्या स्वतंत्र कस्टम ॲपमध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहावी, नोंद जतन होताना सर्व्हरवर चालणाऱ्या व्हॅलिडेटच्या (नोंद बरोबर आहे का हे तपासण्याच्या) पायरीत बसवावी आणि तिच्यासोबत चाचण्याही लिहाव्यात. मी चार दिवस मागितले. प्रमुखांचे म्हणणे असे होते की ग्राहकाला कोड नको आहे, उद्या त्यांच्याच माणसाला बदल करता आला पाहिजे. त्यांनी अर्ध्या दुपारीत तीन कस्टम फील्ड जोडली आणि क्लायंट स्क्रिप्टच्या चौकटीत, म्हणजे ईआरपीनेक्स्टमध्येच फॉर्मसाठी छोटा कोड टाकायच्या जागी, चाळीसएक ओळींची जावास्क्रिप्ट चिकटवली. ती जावास्क्रिप्ट म्हणजेही कोडच होता, फक्त तो गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नव्हता आणि त्याला चाचणी नव्हती. ‘लो-कोड’ या नावाखाली पुष्कळदा हेच विकले जाते. फाउंड्रीतल्या कोणीही पुढे त्या चौकटीला हात लावला नाही, हे वेगळे सांगायला नको.

क्लायंट स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये फॉर्म उघडलेला असतानाच चालते. मार्चअखेरीला स्टोअरच्या नोंदी तुंबल्या होत्या, म्हणून अकाउंटंटने दोनशेच्या वर ओळी एक्सेलमध्ये भरून डेटा इम्पोर्टने एकदम चढवल्या. फॉर्म उघडलाच नाही, त्यामुळे तपासणीही झाली नाही, आणि सगळ्या ओळी हिरव्या खुणेसह आत गेल्या. त्यात चलन क्रमांक ११७८ ऐवजी ११८७ असा उलटा टंकला गेला होता, आणि ज्या चलनावर २४० नग पाठवले होते त्यावर २६५ नग परत आल्याचे दिसू लागले. ११७८ वर २५ नग कायम बाकी राहिले. तीनशे दिवसांनी आठवण करून देणारी सूचना आम्ही लावली होती, ती इमानेइतबारे त्या आधीच परत आलेल्या नगांसाठी वाजली. चूक सापडली ती वर्कशॉपचे मालक आपली लाल कापडी बांधणीची वही घेऊन आले तेव्हा. ‘साहेब, माझ्या वहीत असं न्हाई,’ एवढेच ते म्हणाले, आणि त्या वहीसमोर मी आणि स्टोअरकीपर सबंध दुपार एकेक चलन ताडून पाहत बसलो. आढावा बैठकीत आमच्या प्रमुखांनी ‘हा प्रशिक्षणाचा प्रश्न आहे’ असे सांगून विषय मिटवला. माझ्या मते तो प्रशिक्षणाचा प्रश्न नव्हता आणि आजही नाही. जी तपासणी एका दाराने आत आल्यावर होते आणि दुसऱ्या दाराने आत आल्यावर होत नाही, तिच्या भरवशावर बिले काढायला देणाऱ्याची ती चूक होती.

म्हणून तुमच्या सल्लागाराला एकच काम सांगा. चाचणीच्या साइटवर मुद्दाम चुकीच्या दहा ओळी इम्पोर्ट करून दाखवायला सांगा आणि किती अडतात ते स्वतः पाहा. ज्या नियमाच्या भंगाने पैसे किंवा कर अंगावर येतो, तो सर्व्हरवर, कोडमध्ये आणि चाचणीसह असावा. एखादे फील्ड लपवणे, छापील नमुना, मंजुरीच्या पायऱ्या, तारखेवरून जाणारी सूचना यांसाठी कोड लिहिणारा माणूस तुमचे पैसे वाया घालवतो.

सेटिंग कायमचे टिकते आणि कोडच तेवढा सांभाळावा लागतो, असेही कोणी सांगितले तर मानू नका. सेल्सफोर्स या विक्री आणि ग्राहक सांभाळणाऱ्या प्रणालीत वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर या विनाकोड साधनांचा आधार ३१ डिसेंबर २०२५ ला संपला आणि त्यांवर उभे असलेले सगळे फ्लो या नव्या साधनात हलवा, असे कंपनीनेच लोकांना सांगितले. त्याच सेल्सफोर्समध्ये एपेक्स या तिथल्या भाषेतला कोड प्रत्यक्ष वापरात नेण्यापूर्वी त्याच्या किमान ७५ टक्के ओळी चाचण्यांनी तपासलेल्या असाव्या लागतात. अशा साधनांत माउसने जोडलेल्या चौकोनांची चाचणी घेणारा माणूस मला अजून क्वचितच भेटला आहे.

आता माझ्या बाजूचेही सांगतो. दुसऱ्या एका ग्राहकाकडे ५० हजारांवरच्या खरेदीला संचालकांची मंजुरी लागावी हा नियम मी हौसेने पायथनमध्ये लिहिला, आकडा कोडमध्येच ठेवला, आणि मी नोकरी सोडल्यावर त्यांना तो ७५ हजार करून घ्यायला बाहेरून माणूस बोलवावा लागला. ईआरपीनेक्स्टमधल्या वर्कफ्लोच्या (मंजुरीच्या पायऱ्यांच्या सेटिंगच्या) अटीत ती एका ओळीत बसली असती. शिवाय तुमच्याकडे कोड सांभाळणारा कोणीच नसेल आणि वार्षिक देखभालीचा करारही करायचा नसेल, तर माझा सल्ला तुम्हाला महागात पडेल.

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत ही तपासणी आता सर्व्हरवर आहे. ती माझ्या जागी आलेल्या मुलीने लिहिली, आणि तिला त्यासाठी चार नव्हे, दीड दिवस लागला.