लाल स्पायडर घ्यायची की फुल्विया? इंजिन सोडा, आधी पत्रा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीने तीन वर्षांसाठी इटलीत तोरिनोला (ट्युरिन) पाठवलंय, हाताशी 18 हजार युरो आहेत, एका जाहिरातीत 1974 ची लाल आल्फा रोमिओ स्पायडर दिसली आणि जीव तिच्यात अडकलाय. घ्यावी का, काय तपासावं, रॅलीत उतरता येतं का, आणि परत जाताना पुण्याला नेता येईल का. मी इथे 2004 पासून आहे. दोन जुन्या गाड्या केल्या, त्यातल्या पहिलीत सपाटून मार खाल्ला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळे नवखे बॉनेट उघडून इंजिन बघत बसतात. त्या इंजिनाची काळजी करू नका. आल्फाचं ते ट्विन-कॅम इंजिन 1954 च्या जुलिएत्ता स्प्रिंटमध्ये पहिल्यांदा आलं आणि त्याचाच वंश स्पायडरमध्ये 1993 पर्यंत चालला. अॅल्युमिनियमचा ब्लॉक, आत ओतीव लोखंडाचे वेगळे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळ्या. झिजले की जुने लायनर-पिस्टन काढा, नवे बसवा, इंजिन पुन्हा बांधून तयार. पार्ट मिळतात, बांधणारे हातही अजून आहेत. फक्त दोन गोष्टी बघा. इंजिन गार असताना ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवा. बोटाला सायीसारखं पांढुरकं काही लागलं तर ऑइलचं दूध झालंय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं पॅकिंग) गेलंय. आणि सकाळच्या पहिल्या दोन किलोमीटरला दुसरा गिअर करकरतो का ते ऐका. जवळपास सगळ्यांचा करकरतो. म्हाताऱ्याच्या सकाळच्या खोकल्यासारखं ते; घाबरायचं नाही, पण भाव पाडायला उपयोगी.

पत्र्याचं मात्र तसं नाही. त्या काळात पोकळ भागांना आतून गंजरोधक लेप द्यायची पद्धत जवळपास नव्हतीच. त्यात आपल्या या पीडमाँट प्रांतात हिवाळाभर रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात. पन्नास वर्षं मीठ-पाणी खाल्लेला पत्रा वरून रंगवला की चकचकीत दिसतो आणि आतून पापडासारखा झालेला असतो. स्पायडरला तर छतच नाही. गाडीची सगळी ताकद दाराखालच्या त्या पोकळ पट्टीत, ज्याला गॅरेजवाले सिल म्हणतात. ती सडली की गाडी मधोमध वाकायला लागते.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी असताना दार उघडून-लावून बघा, दाराच्या मागच्या कडेची फट बोटाने मापा. मग एका बाजूला जॅक लावून गाडी उचला आणि तेच दार पुन्हा लावा. फट बदलली, दार अडकलं किंवा वर घासायला लागलं, तर विकणाऱ्याला धन्यवाद म्हणा आणि कॉफी प्यायला जा. जॅक लावू देत नसेल तरीही कॉफीच. त्यानंतर डिकीतला स्टेपनीचा खड्डा, सीटखालची जमीन (गालिचा उचलूनच, "ओला आहे, नंतर बघू" चालणार नाही), चाकांच्या कमानी आणि पुढच्या काचेखालचा कोपरा.

हे शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही. माझी पहिली गाडी 1971 ची आल्फा जीटी 1300 ज्युनिअर. डिझायनर जुजारोने बेर्तोने या डिझाइन कंपनीत असताना काढलेला तो आकार. पोरगा तेव्हा पंचविशीचाही नव्हता. पांढरी, स्वच्छ, सायलेन्सरचा आवाज असा की व्यवहार तिथेच झाला. आठ महिन्यांनी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने लिफ्टवर घेतली, स्क्रूड्रायव्हर सिलवर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. खरवडलं तर वर रंग, रंगाखाली बोटभर पुट्टी, पुट्टीखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. क्रीडा पान होतं, बातमी वाचता येत होती. डेंटिंग-पेंटिंगचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालं आणि घरी काय झालं ते लिहीत नाही.

तेव्हापासून खिशात चपटा लोहचुंबक, वर फडकं गुंडाळलेलं. पत्र्यावर फिरवायचा. नाही चिकटला तर दोनच शक्यता: एक, ती खरी जीटीए आहे, आल्फाने 1965 मध्ये रेसिंगसाठी अॅल्युमिनियमच्या पत्र्यात काढलेली, दोन, पुट्टी. इतक्या वर्षांत मला पहिली शक्यता एकदाही भेटलेली नाही.

आता तुमच्या लाल बाईंबद्दल. 1966 ते 69 ची पहिली स्पायडर, जिला दुएत्तो म्हणतात, तिची शेपूट गोल. इटालियन लोक तिला ज्या नावाने हाक मारतात त्याचा अर्थ समुद्रफेस, तोच जो आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, होडीसारखा, पांढरा, म्हाकुळाच्या पोटातला. एकदा समुद्रफेस हातात घेऊन बघा, पिनिनफरिना या डिझाइन कंपनीची ती रेषा लगेच कळेल. ती तुमच्या पैशांत येणार नाही, विसरा. 1974 ची म्हणजे कापलेल्या शेपटीची. चालवायला तितकीच गोड, डिकी उलट जास्त उपयोगाची. पण 18 हजारांत चांगल्या पत्र्याची मिळणं कठीण आणि त्याच पैशांत चकचकीत सडकी मिळणं अगदी सोपं. दक्षिणेकडची, समुद्रापासून लांब वाढलेली गाडी शोधा. तिथे उन्हाने सीट फाटलेल्या असतील, डॅशबोर्ड तडकलेला असेल, पण सीट शिवून घेता येते.

माझ्या मते मात्र तुम्ही लान्चा फुल्विया कूपे बघावी. मी पक्षपाती आहे, माझ्या दारात 1972 ची 1.3 एस उभी आहे, हे आधीच सांगतो. हिच्याकडे वळून कोणी शिट्टी मारत नाही. पण ही गाडी हिशोबनिसाने नाही, हट्टी इंजिनिअरांनी बनवलेली आहे. चार सिलिंडर व्ही आकारात, पण व्हीचा कोन जेमतेम 13 अंश, इतका अरुंद की दोन्ही रांगांना मिळून एकच हेड पुरतं. वर अख्खं इंजिन 45 अंशात एका कुशीवर झोपवलेलं, म्हणून बॉनेट इतकं बुटकं. चारही चाकांना डिस्क ब्रेक, दुसऱ्या पिढीपासून पाच गिअर, आणि ओढ पुढच्या चाकांना. 1972 च्या माँटे कार्लो रॅलीत सांद्रो मुनारी आणि मारिओ मानुच्ची यांनी 14 नंबरच्या फुल्वियाने बर्फात पोर्शे आणि अल्पिन यांना मागे टाकलं, तेव्हा ही गाडी कागदावर म्हातारी झाली होती. इथल्या कॉफीच्या टपरीवर साठी ओलांडलेल्या कुणालाही 14 नंबर सांगा, कॉफीचे पैसे तोच देईल.

अशा गाड्या बनवून कंपनी चालत नाही हेही खरं; 1969 मध्ये लान्चा फियाटने घेतली.

फुल्वियाची दुखरी जागा वेगळी. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन हे सगळं एका वेगळ्या सांगाड्यावर बसवलेलं असतं आणि तो सांगाडा बोल्टांनी बॉडीला जोडलेला. जिथे तो बॉडीला मिळतो तिथला पत्रा गंजला की दुरुस्तीसाठी अख्खं पुढचं पोट उतरवावं लागतं. खाली झोपून टॉर्च मारून बघायची जागा तीच. म्हणून बघायला जाताना जुनं जाकीट घालून जा, इस्त्रीचा शर्ट नको.

कागदांचं थोडक्यात. 1985 पर्यंत नंबर प्लेट काळ्या असायच्या, आपल्या एमएच 12 सारखी जिल्ह्याची अक्षरं, तोरिनोसाठी टीओ. मूळ काळी प्लेट शाबूत असेल तर गाडी त्या प्रांताबाहेर फारशी गेलेली नाही असा साधारण अंदाज येतो आणि किंमतही वाढते. रजिस्टरमधून गाडी खोडलेली असेल तर कारण विचारा: टॅक्स न भरल्यामुळे खोडली असेल तर मार्ग निघतो, भंगारात दिली म्हणून खोडली असेल तर हात लावू नका. आल्फाचं मिलानजवळ अरेझेला ऐतिहासिक दप्तर आहे. चासी नंबर कळवला की गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, ते कळवतात. मला वाटतं निम्म्या लाल आल्फा जन्मतः लाल नव्हत्या. तीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक रोड टॅक्स नाही, रस्त्यावर आणली तर किरकोळ ठोक रक्कम. विमा स्वस्त हवा तर एएसआय या जुन्या गाड्यांच्या राष्ट्रीय संस्थेशी संलग्न क्लबात नाव घाला. ही संस्था 1966 पासूनची, मुख्यालय तुमच्याच गावात.

क्लबात शिरलात की रॅली आपोआप येते. मिल्ले मिल्या आधी डोक्यातून काढा. 1927 ते 1957 ही खरी शर्यत होती, ब्रेशा ते रोम आणि परत, सुमारे 1600 किलोमीटर उघड्या रस्त्यावर. 1955 मध्ये स्टर्लिंग मॉसने ती 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत मारली. 57 साली अपघातात रस्त्याकडेचे नऊ जण गेले, त्यात पाच मुलं, आणि शर्यत बंद झाली. आता त्याच नावाने होते ती वेळ पाळायची स्पर्धा, आणि त्या तीस वर्षांत धावलेल्या मॉडेललाच प्रवेश. तुमची 74 ची, माझी 72 ची, दोन्ही बाद. बघायला मात्र जाच, रस्त्याकडेला उभं राहायला पैसे पडत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फेरारी-मासेरातींच्या रांगेत एक फियाट 1100 आली आणि मी ओरडलोच: अरे, ही तर काकांची डुक्कर फियाट! मुंबईत ज्या गाडीत सात जण कोंबून आम्ही लग्नाला जायचो, तिची सख्खी बहीण छातीवर नंबर लावून रोमला निघालेली.

आपल्यासाठी रविवारचे छोटे मेळावे. सकाळी चौकात चाळीस गाड्या, कॉफी, मग द्राक्षमळ्यांतून शंभर किलोमीटर, मध्ये वेळेच्या चाचण्या, आणि दुपारी संपता न संपणारं जेवण. चाचणी अशी: रस्त्यावर आडवी रबरी नळी, पुढच्या चाकाने ती दाबली की घड्याळ चालू. समजा 80 मीटरवर दुसरी नळी, ती बरोबर 12 सेकंदांनी दाबायची. सेकंदाचा शंभरावा भाग चुकला की एक गुण वजा. शेजारी बायको स्टॉपवॉच घेऊन मोजते, "पाच, चार, तीन, दोन... अहो हळू!" आणि या "अहो हळू"मध्येच आमचे तीस गुण जातात. एकदा चुकून शून्यावर शून्य आलं, तेव्हा हॅम मिळाला होता बक्षीस. आम्ही शाकाहारी, मेकॅनिकच्या घरी पोचता केला.

पुण्याला न्यायचं म्हणाल तर भारतात 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आहे, नंबरात व्हीए येतं, पण ती रोज चालवायची मुभा देत नाही. वर कस्टम्स, डावीकडचं स्टिअरिंग आणि छोट्या रबरी सीलसाठीही तोरिनोला फोन. तीन वर्षं मनसोक्त फिरवा आणि इथेच क्लबातल्या कुणाला तरी विका. चांगल्या पत्र्याच्या गाडीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

तुम्ही दिलेल्या जाहिरातीतले फोटो पाहिले. बाराच्या बारा वरून काढलेत, त्यातले तीन सूर्यास्ताचे. मालकाला गाडीखालचे चार फोटो मागा: दोन्ही सिल, स्टेपनीचा खड्डा, ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन. आले की इथे टाका, सगळे मिळून बघू. बहाणे सांगायला लागला तर तेही टाका, त्यावरूनही बरंच कळतं. आणि जाकीट विसरू नका.