फोडी की लगदा?

प्रश्न : ताई, एका पाककृतीत ‘पंपकिन’ घ्या म्हणतात, दुसरीत ‘विंटर स्क्वॉश’, तिसरीत ‘कबोचा’. चित्रं पाहावीत तर तिन्ही भोपळेच! एकाच्या जागी दुसरा चालतो का? कबोचाची जपानी भाजी मी हाताला लागेल त्या भोपळ्याची केली, तर नुसता लगदा झाला. – एक वाचक

उत्तर : लगद्याचं मनावर घेऊ नका. माझ्याही पहिल्या खेपेला चॉपस्टिकनं उचलायच्या फोडी डावानं वाढाव्या लागल्या होत्या.

आधी नावांचं पाहू. ‘विंटर’ हा शब्द फसवा आहे. हा भोपळा हिवाळ्यात येत नाही. वेलावर पुरता पिकून साल टणक झाली की काढतात आणि तो हिवाळाभर टिकतो, म्हणून विंटर. कोवळा खुडून सालीसकट खातात तो समर स्क्वॉश, झुकिनी त्यातलीच. ‘स्क्वॉश’ हा शब्द ईशान्य अमेरिकेतल्या नॅरागॅन्सेट लोकांचा. त्यांच्या मूळ शब्दाचा अर्थ ‘कच्चं खायचं ते’. आता तेच नाव सुरी अडकून बसते अशा भोपळ्यालाही लावतात!

पंपकिन आणि स्क्वॉश यांच्यात वनस्पतिशास्त्र भेद करत नाही. अमेरिकेत जो बटरनट स्क्वॉश, तोच ऑस्ट्रेलियात बटरनट पंपकिन. अमेरिकेत डब्यात मिळणारा पंपकिनचा गरही बहुतेक वेळा या बटरनटच्याच भाऊबंदांचा असतो.

या साऱ्यांचं मूळ घर अमेरिका खंड. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. जपानमध्ये तो 16व्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून उतरला. माल कंबोडियाचा म्हणून नाव पडलं कबोचा. चिनी लोक त्याला ‘नानग्वा’ म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचं वेलफळ. कुणी नवं नाव शोधायच्या फंदातच पडलं नाही. इटलीत दुधीच्या जातीला असलेलं ‘झुक्का’ हे नाव नव्या पाहुण्यालाही चिकटलं आणि आपणही दुधी नि लाल, दोघांनाही भोपळाच म्हणतो. मला आवडतं ते फ्रेंचांचं ‘पोतिमारों’: ‘पोतिरों’ म्हणजे भोपळा आणि ‘मारों’ म्हणजे चेस्टनट. चवच नावात!

आता तुमची भाजी. कबोचाचा गर कोरडा, पिठूळ, उकडलेल्या रताळ्याच्या वळणाचा. जपानी ‘निमोनो’त, म्हणजे रसात मंद शिजवलेल्या भाजीत, साल ठेवूनच फोडी करतात आणि प्रत्येक फोडीच्या धारदार कडा सुरीनं किंचित तासून गोल करतात. शिजताना फोडी एकमेकींवर आपटून कडा झिजतात, गाळ होतो. तासल्या की होत नाही. मग साल खाली ठेवून एकच थर लावायचा, दाशी (समुद्री शेवाळ नि सुकवलेल्या मासळीचा पातळ रस्सा), सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोडसर वाइन) आणि थोडी साखर घालून मंद आचेवर ठेवायचं. ढवळायचं अजिबात नाही. पाणचट भोपळा मात्र या लाडांनाही दाद देत नाही.

पाणचट भोपळ्याला तुर्की ‘कबाक तातलिसी’त पाठवा. तिथे फोडींवर साखर पसरून रात्रभर ठेवतात आणि सुटलेल्या पाण्यातच शिजवतात, वरून एक थेंबही नाही. खाताना वर अक्रोड, काही ठिकाणी ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्टही. उलट, इटलीतल्या मान्तोवाच्या तोर्तेल्लीत, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्यात, भोपळ्याचं सारण आमारेत्ती बिस्किटांचा चुरा घालून भरतात. तिथे ओला गर पीठच फाडतो.

तेव्हा बदली करताना नाव पाहू नका, काप पाहा. कापल्यावर पाण्याचे टपोरे थेंब आले तर सूप किंवा गोड पदार्थ. काप कोरडा, घट्ट नि गडद असेल तर निमोनो. बटरनट मधला आहे, सुपाला झकास. निमोनोला चालवलात तर पातळ पदार्थ निम्मा घ्या आणि सुरी सहज शिरली की लगेच उतरवा.

आणि तो लगदा अजून फ्रीजमध्ये असेल, तर रुंद कढईत आटवा. चमचा उभा राहिला की तोर्तेल्ली भरायला घ्या. सोया सॉस घातलाय, तेव्हा मीठ मात्र चाखूनच.