आधी नावं मोज, मग भाव विचार

दिरहम, म्हणजे जुनं इस्लामी चांदीचं नाणं, हातात आला की लगेच चांदी किती, विकला तर किती, असं करू नकोस. भिंग घे आणि आधी नावं मोज. खलिफाचं कोणतं, त्याखाली अमिराचं, म्हणजे प्रत्यक्ष राज्य करणाऱ्याचं कोणतं, आणि मुख्य म्हणजे कोणाचं नाही. खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, आणि नाण्यावर नाव येणं म्हणजे सत्ता मान्य असणं, म्हणून नाव गाळणं ही उघड बंडाची खूण.

उदाहरण देतो. 991 मध्ये बगदादेत बुवैही घराण्याचा अमीर बहाउद्दौला याने खलिफा अत-ताईला पदच्युत करून अल-कादिरला बसवलं. बुखाऱ्याच्या सामानी घराण्याने ते मानलंच नाही. त्यांच्या दिरहमांवर पुढेही अत-ताईच झळकत राहिला. 999 च्या सुमारास गझनीच्या महमूदाने सामानींना झुगारून अल-कादिरला मान्यता दिली, आणि त्याच्या नाण्यांवर नाव बदललं. वरची ओळ बदलली, एवढंच दिसतं खरं, पण त्यात सगळा डाव आलाय.

मात्र घाई नको. 1258 मध्ये मंगोलांनी बगदादचा खलिफा अल-मुस्तअसिम याला मारलं, तरी दिल्लीच्या सुलतानांच्या टंक्यांवर (नाण्यांवर) त्याचं नाव पुढची कित्येक वर्षं होतं. मेलेल्याचं नाव दिसलं म्हणून नाणं बनावट ठरवू नकोस.

टांकसाळ आणि हिजरी साल कडेच्या गोल मजकुरात असतात, साल अंकात नव्हे, अरबी शब्दांत. आणि नेमकी तीच कड झिजलेली असते! म्हणून घासू नकोस. मी एकदा एक दिरहम टूथपेस्ट लावून चकचकीत केला; टांकसाळीचं नाव गेलं ते गेलंच.