१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? नसेल, तर तिचे अवयव हाताने काढता येतील का?

मूळ तर नाहीच, आणि अवयव हाताने नक्की निघतात. फक्त १७ अंक बघून थेट भागाकाराला बसू नका. आधी १११११११११ (नऊ वेळा १) या संख्येचा वर्ग करून बघा. शाळेत मांडायचो तसाच गुणाकार मांडा: नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. उजवीकडून पहिल्या घरात एक १, दुसऱ्यात दोन, असं वाढत मधल्या घरात नऊ, मग तसंच उतरत पुन्हा एक. ही झाली तुमची संख्या!

ही सुंदर रचना टिकते ती हातचा येत नाही म्हणून. कुठल्याही घरात बेरीज नवाच्या पुढे जात नाही. दहा वेळा १ लिहून वर्ग केलात तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येईल. मधल्या घरात दहा झाले, हातचा पुढे गेला आणि संख्या उलट-सुलट सारखी राहिली नाही.

हातचा नसल्याचा आणखी एक परिणाम मला फार आवडतो. अशा गुणाकारात अंकांच्या बेरजांचाही गुणाकार होतो. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तुमच्या संख्येची ९ × ९ = ८१. आणि १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणजे तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, तोही १२३४५६७९ चा पूर्ण वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद संख्या' हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलं. तुमची संख्या ज्या कुळातली आहे त्या 'डेम्लो संख्या'ही त्यांच्याच. हे नाव त्यांनी डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनवरून घेतलं. आपल्याकडच्या प्रत्येक आठवीच्या वर्गात हा गुणाकार एकदा तरी फळ्यावर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता अवयव. १११११११११ = १११ × १००१००१. त्यातले १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. वर्ग केला की तुमची संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७². घातांकांत एकेक मिळवून गुणलं की ५ × ३ × ३ = ४५ विभाजक.

राहिलं ३३३६६७ मूळ आहे हे तपासणं. त्याचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे, म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या बघायच्या. त्याही सगळ्या नाहीत. ३ आणि ३७ ने भाग जात नाही हे आधी बघून घ्या. मग १००१००१ ला भागणारी प्रत्येक संख्या १०⁹ − १ लाही भागते. अशी मूळ संख्या ३ किंवा ३७ नसेल, तर तिच्यातून १ वजा केल्यावर ९ ने भाग जातो (हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून निघतं), आणि ती विषम असल्याने १८ नेही जातो. त्यामुळे १८ ने भागल्यावर १ उरतो अशाच मूळ संख्या तपासाव्या लागतात: १९, ७३, १०९, १२७, १६३… शेवटची ५७७. एकीनेही भाग जात नाही.